एरागॉनचा शेवटचा भाग: एवढं थांबवून हेच द्यायचं होतं का?

मांजराकाठी (लातूर)
ज्यांचं वाचून व्हायचंय त्यांनी इथूनच मागं फिरा, शेवट फोडणार आहे.

क्रिस्टोफर पाओलिनीच्या एरागॉन (ड्रॅगनवर स्वार होणारा पोरगा) मालिकेचा चौथा भाग 'इनहेरिटन्स' संपवला आणि डोकंच फिरलं. तीनच भागांचं ठरलं होतं, त्याचे चार झाले. 2008 ला तिसरा, 2011 ला चौथा. तीन भाग लेखक बजावत राहतो की गॅल्बटोरिक्स राजापुढं कुणाचा टिकाव लागत नाही. मग चौथ्यात काय? व्रोएनगार्ड बेटावर जायचं, खडकातलं दार उघडायचं, आत ड्रॅगनची अंडी आणि एल्दुनारी (ड्रॅगनचा जीव ज्यात उरतो ते मणी) ढिगानं तयार! राजाला इतकी वर्षं त्याचा वाससुद्धा नाही.

आणि मरण? एरागॉनच्या मंत्रानं राजाला आपण लोकांना दिलेलं दुःख एकदम भोगायला लागतं, सोसवत नाही, म्हणून तो स्वतःच स्वतःला संपवतो. यासाठी चार ठोकळे वाचले का आम्ही?

पैठणची वाचनवेडी
दादा, पहिला भाग परत काढा. टेर्म शहरात अँजेलाच्या दुकानात सोलेम्बम हे बोलणारं मांजर एरागॉनला दोन गोष्टी सांगतं. हत्यार लागलं तर मेनोआ वृक्षाच्या मुळाशी बघ. सगळं हातचं गेलं असं वाटलं तर कुथियनच्या खडकाशी जाऊन आपलं नाव सांग. पहिल्या सल्ल्यातून तिसऱ्या भागात तलवारीचं पोलाद मिळालं, दुसरा चौथ्यात फळला. ऐनवेळी आभाळातून काही पडलेलं नाही.

आणि ते दार फुकट उघडत नाही हो. खरं नाव लागतं, म्हणजे आपण आतून कसे आहोत ते कबूल करावं लागतं. एरागॉन आणि त्याची ड्रॅगन साफिरा त्या ओसाड बेटावर बसून आपापले दोष उकरतात, ती पानं मला अख्ख्या मालिकेत सगळ्यात आवडली. लढाया काय, कुणीही लिहितं.

मांजराकाठी (लातूर)
ताई, ती पानं चांगली आहेत, नाही कुठं म्हणालो? पण आधी सांगून ठेवलं म्हणजे कमावलं असं होत नाही. ताकद मिळाली ती दुसऱ्याच्याच साठ्यातून ना?

नांदेडचा काका
पोरांनो, तुम्ही मराठवाड्यात राहून हे बोलायलाव? निजामाचं राज्य सव्वादोनशे वर्षं. 13 सप्टेंबर 1948 ला पोलीस ॲक्शन सुरू झाली अन् 17 ला खेळ खलास. जुलमी राज्यं बाहेरून डोंगराएवढी दिसतात, पडायला लागली की पत्त्यावानी पडतात. राजा झटक्यात गेला म्हणून रडायचं काय त्यात?

मांजराकाठी (लातूर)
काका, उदाहरण तुम्हीच दिलंत, आता ऐका. त्या पाच दिवसांच्या आधी काय काय झालं? 1938 चा स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह, औरंगाबादच्या कॉलेजातल्या पोरांची वंदे मातरम् चळवळ, सरहद्दीवरचे स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प, लढ्यासाठी लुटलेली तुमच्याच जिल्ह्यातली उमरीची बँक. माणसं आधीच झिजली होती. पुस्तकात ते झिजणं एरागॉनच्या मामेभावाच्या, रोरानच्या वाट्याला आलंय. हातोडा घेऊन एकेक गाव घेत, हाडं मोडून घेत तो पुढं जातो. निकाल मात्र सिंहासनाच्या दालनात भलत्याच गोष्टीवर लागतो. रोरानचं घाम गाळणं आणि राजाचं मरण यांचा एकमेकांशी संबंधच लागत नाही, हे माझं दुखणं आहे.

नांदेडचा काका
अन् शेवटी फौज बाहेरूनच आली का नाही? मग एल्दुनारीला नावं का ठेवायलाव?

परभणी फास्ट
काकांनी धुतलं 😄

माझं भांडण वेगळंच आहे. श्रुइकन! राजाचा तो अजस्र काळा ड्रॅगन. चार भाग त्याची दहशत, आणि एरागॉनची साथीदार आर्या भाला डोळ्यात घालते, विषय संपला. त्याला जबरदस्तीनं बांधून ठेवलेलं, लहानपणीच त्याचा खरा स्वार मारला गेलेला. त्याच्या मनातलं एक पान तरी द्यायचं होतं. बाकी राजाच्या शपथांत अडकलेल्या मर्टागनं ऐनवेळी पलटी मारणं मला एकदम पटलं. बंडखोरांची म्होरकी नासुआडा, तिच्यासाठी माणूस आतून बदलला, त्याचं खरं नावच बदललं, म्हणून शपथा गळून पडल्या. नियमात बसतं.

पैठणची वाचनवेडी
श्रुइकनचं शंभर टक्के मान्य.

पण राजाच्या मरणावर मी हटणार नाही. त्याला तलवारीनं मारलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता की एवढासा पोरगा एवढ्या मोठ्या राजाला कसा भारी पडला. दुसऱ्याचं दुःख न कळणं हाच त्याचा रोग होता, घाव तिथंच घातलाय.

मांजराकाठी (लातूर)
घाव बरोबर जागी आहे, पण तो मंत्र एरागॉनला त्या क्षणीच सुचतो, ताई. त्याची तयारी आधीच्या भागांत कुठं दिसते ते पान दाखवा, मी धागा बंद करतो.

परभणी फास्ट
तोवर पाओलिनीचंच मालिकेनंतरचं 2023 चं 'मर्टाग' वाचायला घ्या कुणीतरी. इथं कोण वाचलंय?