सर्ज: गर्दीचा, विजेचा की समुद्राचा?

अनुवादाची हमाली
मंडळी, अडकलेय. आपत्तीच्या वेळी काय करावं याची एक सूचनापुस्तिका मराठीत करतेय. इंग्रजीत 'सर्ज' चार ठिकाणी आलाय: फलाटावरची गर्दी, विजेचा दाब, वादळात चढणारा समुद्र आणि साथीतले रुग्ण. मी अनुक्रमे लोंढा, अचानक वाढलेला दाब, उधाण आणि उद्रेक लिहिलं. ग्राहक म्हणतो, मूळ शब्द एक तर मराठीही एकच हवा. त्यांचं सॉफ्टवेअर चारही जागी लाल खूण करतंय. चौघांना पुरेल असं काही आहे का? उद्या संध्याकाळी फाइल द्यायची आहे.

परळकर
एक शब्द मिळायचा नाही, ताई. मराठीत काय वाढतंय ते बघून क्रियापद येतं. ताप फणफणतो, भाव कडाडतात, दंगल उसळते, जुना दमा उचल खातो. दमा कडाडला म्हणून बघा कुणाला!
आणि गर्दीला लोंढा नको. लोंढा म्हणजे गाडी रिकामी झाली की जिन्याकडे वाहत निघतात ती माणसं. जीव जातो तो रेट्यानं. दादरला सकाळी चढताना पाय उचलावाच लागत नाही, मागचा रेटा आत नेऊन टाकतो. 2017 च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर माणसं गेली तेव्हा पेपरांनी 'चेंगराचेंगरी' छापलं. चेंगराचेंगरी नंतरची, आधी रेटा येतो. पुस्तिका लोकांना आधीच सावध करण्यासाठी आहे ना? मग 'रेटा' लिहा.

शुद्धमती
'उसळी' चालून जाईल की. गर्दीची उसळी जरा कानाला खटकेल, पण सवय होते. फक्त कृपा करून 'उछाल' लिहू नका. हल्ली वाहिन्यांवर सोन्याच्या दरातही 'उछाल' येतो. हिंदीची ही घुसखोरी आपणच थांबवायला हवी.

खाडीकाठ
बाकीचं तुम्ही बघा, उधाण मात्र काढा तिथून. उधाण अमावास्या-पौर्णिमेचं. चंद्र-सूर्य एका रेषेत आले की भरती मोठी येते, तिचा दिवस आणि वेळ आधीच ठरलेली असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती कमी. आमच्याकडे होडी कधी काढायची हे त्यावर ठरतं. वादळात वारा पाणी किनाऱ्यावर ढकलतो आणि हवेचा दाब उतरल्यानं समुद्र आणखी फुगतो, त्याचा तिथीशी संबंध नाही. दोन्ही एकाच वेळी आली तर मात्र धडगत नाही, म्हणून तर शब्द वेगळे हवेत.
विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. दर पावसाळ्यात बातमी येते, 'आज साडेचार मीटरच्या लाटा उसळणार'. लाटा नाहीत हो त्या! ती भरतीच्या पाण्याची पातळी. लाटा तिच्यावर आणखी वेगळ्या. लोक मरीन ड्राइव्हला साडेचार मीटरची लाट बघायला जातात आणि हिरमुसून परततात.

तेजीमंदी
सरळ 'सर्ज' ठेवा. पावसात टॅक्सीचं ॲप उघडल्यावर 'सर्ज लागलंय' म्हणत नाही असा एक मुंबईकर दाखवा.
बाजारात आमची काही अडचण नसते. 18 मे 2009 ला, निवडणुकीचा निकाल लागल्यावरच्या सोमवारी, सेन्सेक्स दोन हजारांहून जास्त अंकांनी वर गेला आणि अपर सर्किट, म्हणजे वाढीची ठरलेली मर्यादा, लागून व्यवहारच बंद झाले. त्या दिवसाला झेप म्हणा, उसळी म्हणा, मुसंडी म्हणा, सगळं चालतं.

परळकर
मुसंडी नाही चालत. डुक्कर मान खाली घालून अंगावर येतं ती मुसंडी. ती समोर मारतात, वर नाही. कुणाला तरी बाजूला सारून पुढं घुसणं हवं तिच्यात. इंग्रजीतला 'लंज' (पुढं झेपावणं) तिच्या जवळ जाईल, 'सोअर' (उंच चढणं) नाही. निर्देशांक कुणाला धडकला?

तेजीमंदी
मंदीवाल्यांना! त्या दिवशी ते समोरच उभे होते.

शुद्धमती
'सर्ज लागलंय' हे मराठी नाही. ती शरणागती आहे.

जुनी पोथी
शुद्धमती, तुमचा 'उछाल' आणि तुमचीच 'उसळी' एका आईची लेकरं आहेत. मूळ संस्कृत 'उच्छल्'. हिंदीत जिथं छ टिकला तिथं मराठीत अनेकदा स आला: मछली-मासळी, कछुआ-कासव, तसंच उछलना-उसळणे. घुसखोर कसला, चुलत भाऊ आलाय घरी.
इंग्रजी 'सर्ज'ही मुळात साधाच. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नुसता उठणं, आणि 'सोर्स' त्याच धातूतून आला. म्हणजे जमिनीतून उठतो तो झरा.

शुद्धमती
चुलत भाऊ असला तरी त्याच्या घरी राहावा.

खाऊगल्ली
मग उसळ? मटकीला मोड आले की ते वर उसळतात, म्हणून उसळ. आमची आजी सांगायची.

जुनी पोथी
आजींना नमस्कार, पण मोड उसळत नाहीत, येतात. फोडणीत टाकल्यावर दाणे उडतात, त्यावरून म्हणालात तर निदान विचार करता येईल.

अनुवादाची हमाली
रेटा घेतला, उधाण काढलं. पण वीज आणि रुग्ण राहिलेत, आणि सॉफ्टवेअर अजून लालच आहे. ग्राहकाला सांगू काय?

परळकर
पोथीवाले, तुमचा छ-स चा नियम सगळीकडे लागत नाही. बिच्छू-विंचू घ्या. विसू का नाही झाला?

जुनी पोथी
'अनेकदा' म्हटलं होतं मी, नेहमी नाही. प्राकृतात त्याची अनुस्वार असलेली रूपंही सापडतात, आपण ती उचलली. अनुस्वारानंतर च टिकतो.

खाडीकाठ
आमच्यात इंचू म्हणतात. व कुठं गेला ते सांगा आधी.