पद्मिनीचं इंजिन बाहेर काढलंय: कुठल्या भागाला कुठलं फिनिश?

काळीपिवळी:
नमस्कार मंडळी. गाडी प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी पेट्रोल. इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर आहेत, बे (बॉनेटखालचा इंजिनचा खण) रिकामा आहे. बॉडी आधीसारखीच फिकट क्रीम राहणार. डोक्यात असलेला बेत असा: बे मॅट काळा, टॅपेट कव्हर (इंजिनवरचं झाकण) लाल रिंकल म्हणजे सुरकुत्यांच्या फिनिशमध्ये, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणारा ओतीव भाग) सिल्व्हर, नट-बोल्ट क्रोम. रेडिएटर, बॅटरी ट्रे, इंजिन माउंटिंगचे ब्रॅकेट, बॉनेटचे बिजागर हे सगळं एकाच लॉटमध्ये काळं पावडर कोटिंग (कोरडी पूड मारून भट्टीत पक्की करतात तो थर). इंजिन पूर्ण उघडलंय, कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवीन पडणार. गाडी शोसाठी नाही, घाटात चालवायची आहे. यात कुठे गडबड आहे?

पाना_दहा_अकरा:
गडबड दोन-तीन ठिकाणी आहे. रेडिएटरपासून सुरुवात करतो, कारण तो तुम्ही लॉटमध्ये टाकलात तर परत मिळायचा नाही. जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा, टाक्या आणि नळ्या शिसे-कथलाच्या झाळाने जोडलेल्या. तो झाळ साधारण १८३ अंशांना वितळायला लागतो आणि पावडरची भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते. बाकीचं तुमच्या लक्षात आलंच असेल. रेडिएटरला पातळ मॅट काळ्याचा एक हलका हात हवेवर वाळवून द्या. फिन्सच्या मधली जाळी बुजेल इतका रंग नको.

बे काळा करू नका, असं माझं मत. बॉडीच्याच क्रीममध्ये टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) मारा. फिकट बेमध्ये तेल, कूलंट, ब्रेक ऑइल कुठून झिरपतंय ते बॉनेट उघडताच दिसतं, काळ्यात सगळं लपतं. शिवाय पुढे कुठे ओरखडा गेला तर बॉडीच्या डब्यातूनच टचअप होतो. मॅट तर नकोच, कारण मॅटमध्ये तेलकट हाताचे डाग बसतात आणि घासले की तेवढी जागा चकचकीत होते. सेमी-ग्लॉस घ्या.

क्रम: पत्रा साफ, गंजावर वायर ब्रश, मग एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, सीम सीलर (पत्र्याचे सांधे बुजवणारी पेस्ट), त्यावर पीयू. अ‍ॅसिड एचिंग प्रायमरवर (पत्रा किंचित खाऊन धरणारा प्रायमर) थेट एपॉक्सी मारू नका, अ‍ॅसिड शिल्लक राहिलं तर वरचा थर नीट धरत नाही. एवढ्या बेला मिसळलेला एक लिटर पीयू पुरतो. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, तेव्हा साधा कापडी मास्क चालणार नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर हे काम पेंटरकडे द्या.

ब्रेकच्या मास्टर सिलिंडरखालच्या पत्र्याकडे विशेष लक्ष द्या. डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल सांडलं की रंग सुरकुत्या पडून सुटतो. पुरता वाळलेला टू-के थोडा वेळ तग धरतो, स्प्रे कॅनचा साधा रंग मिनिटांत जातो. सांडलं की लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, फडक्याने पुसून पसरवायचं नाही.

भट्टीवाले:
पावडरबद्दल थोडं. थर ६० ते ८० मायक्रॉन बसतो, म्हणजे भोकं आणि आटे बुजतात. आट्यांत सिलिकॉनचे बूच लावायला सांगा आणि नंतर टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा. माउंटिंग ब्रॅकेटला बोल्टचं डोकं किंवा वायसर जिथे टेकतो ती जागा टेपने झाका. तिथे पावडर राहिली तर दाबाखाली ती हळूहळू बसते, टॉर्क उतरतो आणि घाटातल्या हादऱ्यांत बोल्ट सैल होतो. रबर बुश काढल्याशिवाय काहीही भट्टीत देऊ नका. ओतीव भागातून गरम झाल्यावर हवा निघते आणि थरात टाचणीएवढी भोकं पडतात, म्हणून ते आधी रिकामेच तापवून घ्यायचे.

बॅटरी ट्रेला मी पावडर देणार नाही. एका चिरेतून अ‍ॅसिड आत गेलं की गंज थराखाली पसरत राहतो आणि वरून काही कळत नाही. एपॉक्सी आणि पीयू द्या, वर रबरी चटई. अ‍ॅसिड सांडलं तर खायच्या सोड्याचं पाणी टाकायचं.

टॅपेट कव्हरला वाळूचं ब्लास्टिंग करणार असाल तर आत बॅफल (तेल अडवणारा पत्र्याचा पडदा) आहे का ते आधी बघा. त्याच्या मागे अडकलेली वाळू धुऊन निघत नाही, इंजिन सुरू झाल्यावर तेलाबरोबर सुटते. बेअरिंग खायला तेवढी पुरते. केमिकलने रंग उतरवा. रिंकल लाल दिसायला झकास, पण धूळ आणि तेल त्या सुरकुत्यांत बसतं आणि ब्रशशिवाय निघत नाही. हवंच असेल तर जाड हात द्यावे लागतात: एक उभा, एक आडवा, एक तिरका, मध्ये पाच-पाच मिनिटं. मग हीट गन फिरवायची. पातळ मारलं तर सुरकुती कुठे येते, कुठे येतच नाही.

कोकणातलं_गॅरेज:
क्रोमचे बोल्ट विसरा. झिंक प्लेटिंग करा, ८ ते १२ मायक्रॉन, वर पांढरं किंवा पिवळं पॅसिव्हेशन (जस्ताला जपणारा पातळ रासायनिक थर). पिवळं जुन्या गाडीत जास्त शोभतं. ८.८ ग्रेडपर्यंत (बोल्टच्या ताकदीचा आकडा) फारशी काळजी नाही. १०.९ आणि वरच्या बोल्टमध्ये प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन शिरतो आणि कसलेला बोल्ट दोन दिवसांनी अचानक तुटतो. ते द्यायचेच असतील तर प्लेटिंगनंतर लवकरात लवकर साधारण २०० अंशांवर किमान चार तास भाजून घ्या, आणि पॅसिव्हेशन त्यानंतर, कारण तो थर एवढी उष्णता सोसत नाही. हेड आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट प्लेटिंगला देऊच नका.

कार्बोरेटर आणि हेड कॉस्टिकच्या टाकीत बुडवू नका. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचं मिश्रण दोन्ही खाल्लं जातं. पावसाळ्यात रंग मारणार असाल तर पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा, नाहीतर पीयूवर पांढुरकी झाक येते.

काळीपिवळी:
रेडिएटर आणि ट्रे लॉटमधून काढले, बोल्ट झिंकला. बेसाठी क्रीम पटलं. मॅनिफोल्ड आणि ब्लॉकचं काय? ब्लॉकचा मूळ रंग राहिलेलाच नाही.

पाना_दहा_अकरा:
मूळ रंग डायनामोच्या ब्रॅकेटमागे किंवा माउंटिंगच्या खाली सापडतो. तेवढा तुकडा पुसून रंगाच्या दुकानात दाखवा. नाहीच मिळाला तर मध्यम करडा घ्या. ब्लॉकला इंजिन इनॅमल, ४०० मिलीचे दोन कॅन. नवे कोअर प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची बुचं) आधी बसवा, मग धुणं: डिझेल, डिग्रीझर, गरम पाणी, शेवटी थिनरचं फडकं. तेल राहिलेल्या जागी रंग पापुद्र्यासारखा निघतो. गॅस्केटच्या जागा आणि इंजिन नंबर झाका. आरटीओच्या तपासणीत नंबरची छाप घ्यावी लागते, रंग भरून तो बुजला तर नसती कटकट.

मॅनिफोल्डला ६५० अंशांचा सिलिकॉन रंग, उघड्या लोखंडावर, खाली साधा प्रायमर न मारता. दोन-तीन पातळ हात. आता मुद्द्याचं. हा रंग तापवूनच पक्का होतो आणि डब्यावर लिहिलेलं असतं की गाडी दहा मिनिटं आयडलवर ठेवा, थंड करा, पुन्हा चालू करा. तुमचा कॅम आणि टॅपेट नवे आहेत. त्यांना पहिली वीस मिनिटं १५०० ते २००० आरपीएम लागतात, आयडलवर कॅमला तेल नीट पोचत नाही आणि लोब (कॅमचे उंचवटे) घासले जातात. तेव्हा मॅनिफोल्ड बसवण्याआधी भट्टीत १२० अंशांवर अर्धा तास, थंड, मग २०० अंशांवर अर्धा तास एवढं करून घ्या. तिसरी, ३१५ अंशांची पायरी पावडरच्या भट्टीत बहुधा जमणार नाही, ती कॅमच्या त्या वीस मिनिटांत आपोआप होते. धूर निघेल, घाबरू नका.

भट्टीवाले:
आणि अर्थिंग राहिलं. इंजिन ते बॉडी पट्टी जिथे बसते तिथला रंग नाण्याएवढा खरवडा, उघडा पत्रा, वर स्टार वायसर (दातेरी वायसर), घट्ट केल्यावर बाहेरून ग्रीस. सेल्फ मारताना मल्टीमीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी ब्लॉकला लावा. ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला तर जोड पुन्हा उघडा.