मुलाच्या आजारपणातील गैरहजेरी आणि पुढे केलेला राजीनामा

प्रश्न : ऐरोलीहून एक आई

नमस्कार. रबाळे एमआयडीसीतील एका कारखान्यात मी तपासणी विभागात सात वर्षे कायम कामगार आहे. गेल्या महिन्यात माझ्या सहा वर्षांच्या मुलाला मूत्रपिंडाच्या विकारामुळे तातडीने रुग्णालयात दाखल करावे लागले आणि शिल्लक रजा संपल्यावरही मला अकरा दिवस त्याच्याजवळ थांबावे लागले. सुपरवायझरना मी रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवत होते. कामावर परतले त्या दिवशी गेटवरच माझे ओळखपत्र काढून घेतले आणि ‘वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा देत आहे’ असे टाइप केलेले पत्र पुढे ठेवले. त्यावर तारीख होती ती मी मुलाच्या सलाइनपाशी बसून होते त्या दिवसाची. मी सही केलेली नाही. परंतु सहीशिवाय राहिलेला पगार मिळणार नाही, असे सांगितले आहे. असा पगार अडवता येतो का? मी आता काय करावे?

उत्तर : कोपरी, ठाणे (निवृत्त युनियन पदाधिकारी)

ताई, सही केली नाहीत हे फार चांगले झाले. यापुढेही कितीही दडपण आले तरी करू नका.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. खासगी कारखान्यातील कामगाराला मुलाच्या आजारपणासाठी स्वतंत्र रजा देणारा कायदा आपल्याकडे नाही, आणि ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) आजारपण भत्ताही विमाधारक कामगार स्वतः आजारी असेल तरच मिळतो. ही उणीव मला आयुष्यभर सलत आली आहे. तुमची बाजू भक्कम आहे ती दुसऱ्या कारणाने : गैरहजर राहणे म्हणजे राजीनामा देणे नव्हे. आठ दिवसांहून अधिक काळ विनापरवानगी गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपते, असा नियम दाखवून काढलेल्या कामगाराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली, डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या खटल्यात, चौकशी न करता आणि म्हणणे ऐकून न घेता असे काढता येत नाही, असा निर्णय दिला आणि त्याला निम्म्या मागील पगारासह पुन्हा कामावर घ्यायला लावले. तुम्हाला ना कारणे दाखवा नोटीस मिळाली, ना आरोपपत्र.

म्हणून आजच रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह, पत्र पाठवा : मी राजीनामा दिलेला नाही, अमुक तारखेला कामावर आले असता मला गेटवर अडवले, मी आजही कामावर यायला तयार आहे. भाषा सौम्य ठेवा, पण तारखा एकही चुकवू नका.

उत्तर : वाशी (कामगार प्रकरणांत वकिली)

पगाराबाबत : केलेल्या कामाचा पगार सहीच्या अटीवर रोखता येत नाही. कामावरून काढल्यास किंवा राजीनामा दिल्यास देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावे, असे वेतन संहिता सांगते. कामगार कपातच करायची असेल, तर सलग एक वर्ष नोकरी झालेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तितका पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. ग्रॅच्युइटी वेगळी. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून समजा 18,200 रुपये असतील, तर 26 ने भागून 700, त्याचे 15 दिवसांचे 10,500 आणि सात वर्षांचे 73,500 रुपये.

तक्रार ठाण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे करावी. दोन वर्षांची मुदत हाताशी आहे म्हणून थांबू नका, साक्षीदार पांगतात. खर्चाची चिंता असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. 1987 च्या कायद्यानुसार स्त्रियांना व औद्योगिक कामगारांना तेथे मोफत वकील मिळतो.

उत्तर : कळव्याहून एक वडील

माझ्या मुलीच्या वेळी मोबाइल बिघडला आणि कळवल्याचा सगळा पुरावाच गेला. ताई, ते संदेश आजच छापून घ्या आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत सोबत लावा. बाळ आता कसे आहे?

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. मुलाची सूज उतरली आहे, औषधे मात्र चालू राहतील. संदेशांची सोळा पाने छापून घेतली आणि पत्र दुपारी पोस्टात टाकले. पगाराच्या पावत्या सापडल्या की सोमवारी ठाण्याला जाणार आहे.