लाल रंगात माणूस जास्त आकर्षक दिसतो, हे खरंच सिद्ध झालंय का?

ओंजळ:
रविवारी कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे आणि मावशी मागे लागलीय की लालच घाल, वर एक रील पाठवलंय त्यात म्हणे सायन्सने सिद्ध झालंय की लाल कपड्यातली बाई पुरुषांना जास्त आवडते. मला लाल अजिबात आवडत नाही, माझा जीव मोरपंखीत. कुणी नीट वाचलंय का यावर?

पानवारा:
वाचलंय. अभ्यास खरा आहे, २००८ चा, अमेरिकेत रॉचेस्टर युनिव्हर्सिटीतले अँड्र्यू एलियट आणि डॅनिएला निएस्टा यांचा. एकाच बाईचा फोटो, काही मुलांना लाल बॅकग्राऊंडवर दाखवला काहींना पांढऱ्या, तर लालवाल्यांनी तिला जास्त मार्क दिले, मुलींना मात्र काही फरक पडला नाही. पण रीलवाले पुढचं सांगत नाहीत. २०१६ मध्ये दुसऱ्या टीमने तीन प्रयोग केले, त्यात हा परिणाम दिसलाच नाही. मग २०१८ ला तोवरचे अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला, त्यात स्वतः एलियटही होता, आणि निघालं काय तर परिणाम असलाच तर बारीकसा, आणि पद्धत आधीच जाहीर करून केलेल्या अभ्यासांत जवळपास नाहीच. स्वतःच्या शोधाची अशी तपासणी करायला हिंमत लागते, मला तर फार आदर वाटला.

लालमाती:
खेळातलं पण बघा. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग, कुस्ती, तायक्वांदोत लाल की निळा हे खेळाडूच्या हातात नव्हतं, तरी लालवाले साधारण ५५ टक्के जिंकले. मी कॉलेजात तायक्वांदो खेळायचो म्हणून २००८ चा जर्मनीतला प्रयोग जास्त लक्षात राहिला, ४२ रेफरींना फाइटचे व्हिडिओ दाखवले, मग तेच व्हिडिओ कॉम्प्युटरवर रंग अदलाबदल करून, तर लाल दिसणाऱ्याला जास्त पॉइंट! म्हणजे खेळाडू तोच, किक तीच, फरक बघणाऱ्याच्या डोळ्यात. आता चेस्ट गार्डमध्ये सेन्सर असतात ते बरंय.

निरांजन:
आणि लाल म्हणजे लग्न हे तरी सगळीकडे कुठंय, आपल्याकडे नवरी पिवळ्या अष्टपुत्रीत बोहल्यावर उभी राहते, हातात हिरवा चुडा. ओंजळ, न आवडणाऱ्या कपड्यात तासभर अवघडून बसलीस तर ते समोरच्याला लगेच कळतं, मी बसलेय तशी.

ओंजळ:
पानवारा, २०१८ चं वाचून दाखवलं मावशीला. आता म्हणते निदान टिकली तरी लाल लाव. ती लावेन, ड्रेस मोरपंखीच.