बाबांचा फोन, रेंज आणि 600 रुपयांचं स्टिकर

गवतीचहा: आमचं गाव संगमेश्वरकडे, घरात रेंज म्हणाल तर माजघरात एक काडी, पडवीत दोन. बाबा फोन कानाला लावून तासतास बोलतात, रात्री भजनं लावून उशीखालीच ठेवतात, कान गरम होतो म्हणतात. त्यात कोणीतरी दारावर येऊन 'रेडिएशन शोषणारं' सोनेरी स्टिकर 600 ला गळ्यात मारलं. उपयोग आहे का याचा? की टॉवर लांब आहे म्हणजे आपण सेफ?

काडीपैलवान: उलटं आहे ताई. 11 वर्षं टॉवर मेंटेनन्सला आहे म्हणून सांगतो, टॉवर लांब असला की फोनला ओरडून बोलावं लागतं, विहिरीतून हाक मारल्यासारखं. 4जी फोन जास्तीत जास्त साधारण 0.2 वॅट सोडतो, रेंज फुल्ल असेल तर त्याच्या हजाराव्या हिश्श्यातही भागवतो. म्हणजे माजघरातून उठून पडवीत येऊन बोलले तरी फरक पडतो. आणि स्टिकर आधी काढा, त्याने अँटेना झाकली तर फोन अजून जोर लावतो, बॅटरी पण लवकर उतरते.

लिंबूटिंबू: स्टार हॅश शून्य सात हॅश डायल करा, SAR दिसेल, म्हणजे फोनच्या लहरींची किती ऊर्जा शरीर शोषतं त्याचा आकडा. भारतात 2012 च्या सप्टेंबरपासून लिमिट 1.6 वॅट पर किलो आहे, एक ग्रॅम टिश्यूवर मोजलेलं.

काडीपैलवान: बरोबर, पण तो आकडा फोन फुल पॉवरवर ठेवून मोजलेला असतो, त्यामुळे 0.9 वाला फोन 1.2 वाल्यापेक्षा रोजच्या वापरात कमीच सोडेल असं काही नाही. त्या आकड्यापायी नवा फोन घेऊ नका.

बिनसाखर: एवढं घाबरायचं कारण काय पण? 2011 ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने, आयएआरसीने, मोबाईलच्या लहरींना 2बी गटात टाकलं, 'कॅन्सरची शक्यता असू शकते' वाला गट, त्यात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क पण आहे. या लहरी एक्सरेसारख्या डीएनए तोडत नाहीत. कान गरम होतो तो जास्त करून बॅटरी आणि प्रोसेसरमुळे. मी तर म्हणेन उशीखाली चार्जिंगला लावून झोपत असतील तर त्याचीच काळजी जास्त, गादी पेटायची.

गवतीचहा: चार्जिंगला पण उशीखालीच असतो 🙈 एरोप्लेन मोड सांगितला तर म्हणतात रात्री मुंबईहून फोन आला तर?

काडीपैलवान: मग एरोप्लेन नको, रिंग मोठी करून पलंगापासून दोन हात लांब स्टुलावर ठेवा. भजनं आधी डाउनलोड करून ठेवा, म्हणजे रात्रभर डेटा खेचत बसणार नाही. बोलताना स्पीकर नाहीतर साधा वायरवाला हेडफोन, डोक्यापासून वीतभर जरी लांब गेला तरी पुष्कळ कमी होतं.

गवतीचहा: स्टिकर खोबरेल लावून काढलं, डाग राहिलाय. फोन स्टुलावर गेला, हेडफोन मात्र आईने पळवला. आणि बाबा पडवीत स्पीकरवर बोलायला लागल्यापासून आमच्या घरातलं सगळं शेजारच्या काकूंना आमच्याआधी कळतंय 😂