सांधे भरण्याआधी गळतीचा उगम शोधावा

जुन्या न्हाणीघरातील गळती थांबवण्यासाठी फरश्यांच्या सांध्यांत पांढरे सिमेंट नव्याने भरावे, असा सल्ला अनेकदा दिला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कारण सांधे भरल्याने झिरपणे कमी होते, पूर्ण थांबत नाही, आणि पाणी खऱ्या अर्थाने अडवतो तो फरशीखालचा जलरोधक थर.

म्हणून आधी घरातील सर्व नळ बंद ठेवून 2-3 तासांच्या अंतराने पाण्याच्या मीटरची नोंद पाहावी. आकडा सरकला असेल, तर दोष दाबाखालच्या पाइपात आहे, आणि जुन्या लोखंडी पाइपांत तो बहुधा गंजलेल्या जोडापाशी सापडतो. कॉकपासून शॉवरपर्यंतचा भिंतीतला पाइप मात्र या चाचणीतून निसटतो, कारण त्यात कॉक उघडल्यावरच पाणी येते. शॉवर काढून तेथे बूच बसवावे आणि कॉक उघडा ठेवून मीटर पुन्हा पाहावा.

मीटर स्थिरच राहिला, तर मोरीचे तोंड घट्ट बंद करून तळावर थोडे पाणी 24 तास साठवावे. तेवढ्यात खालच्या छताला ओल आली तर जलरोधक थर निकामी झाल्याची शक्यता मोठी. पाणी सोडल्यावरच ओल दिसली तर निचऱ्याच्या पाइपाकडे पाहावे. (छत रंगवण्याची घाई तोवर नको.)

भिंत आणि तळ मिळतात त्या कोपऱ्यात ताठर सिमेंट पुन्हा तडकते. तेथे जुना भराव खरवडून, जागा पूर्ण वाळवून सिलिकॉन सीलंट भरावे.