मदत हवी आहे: उद्या सिएनात दुपारी जेवायचं कुठे? (लवकर सांगा)

घाईतली_घारी | 30 जून, दुपारी 3:40
नमस्कार मंडळी. उद्या फ्लोरेन्सहून सिएनाला जाऊन रात्रीपर्यंत परत. दुपारी जेवायला एक धड जागा सुचवा. शाकाहारी. तासभर रिव्ह्यू वाचतेय, प्रत्येक ठिकाणाबद्दल निम्मे म्हणतात स्वर्ग, निम्मे म्हणतात लुबाडलं. डोकं फिरलंय. आज रात्रीपर्यंत ठरवायचंय. आधीच आभार.

चिंचगूळ | 3:52
पियाझ्झा देल काम्पो! यात विचार काय करायचा? शिंपल्यासारखा उतरता चौक, खाली तोरे देल मांजा, कडेने टेबलं मांडलेली. आम्ही 2016 ला एकेका कॉफीवर दीड तास काढला होता. जेवण ठीकठाक, पण त्या जागेला तोड नाही.

बकुळफूल | 3:58
जागेचेच पैसे लावतात ना तिथे. कोपेर्तो म्हणून माणशी दोन-तीन युरो इटलीत बहुतेक ठिकाणी घेतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या बिलात न मागवलेली ब्रुस्केत्ता आणि पाण्याच्या चार बाटल्या होत्या. आम्ही माणसं तीन. विचारलं तर वेटरला अचानक इंग्रजी येईना. नाव सांगत नाही. चौकात बसू नका एवढंच म्हणेन.

चिंचगूळ | 4:01
बिल न बघता पैसे देणारे पुण्यातही लुटले जातात.

बकुळफूल | 4:03
बघितलं म्हणूनच चार बाटल्या कळल्या.

निवृत्त_ओव्हरसियर | 4:10
धागाकर्तीने जरा माहिती द्यावी. किती माणसं? वयं काय? गाडीने, बसने की रेल्वेने? शाकाहारी म्हणजे अंडं चालतं का? "धड जागा" म्हणजे किती युरोची? आम्ही अंतर्ज्ञानी नाही.

घाईतली_घारी | 4:15
5 जण. मी, नवरा, मुलगा (9), सासू-सासरे. बसने. शाकाहारी म्हणजे शाकाहारी हो, काका. मांस-मासे नाही. सगळ्यांचे मिळून 80-90 युरोपर्यंत.

म्युनिकचा_मोरू | 4:31
ताई, सिएनात जाऊन पिझ्झा खाऊ नका, पिची खा. मैदा आणि पाणी, बहुतेक ठिकाणी अंडं नसतं (तरी विचारा). प्रत्येक दोरा हाताने वळलेला. आपल्या पाटावरच्या शेवयांचा आडदांड चुलतभाऊ समजा. त्यातही "आल्योने" मागवा. वाल दी कियाना खोऱ्यातला मुठीएवढा लसूण असतो, त्याचा टोमॅटोबरोबर सॉस. लसूण असा विरघळतो की उग्रपणा नावाला उरत नाही. रागू आणि चिंग्याले टाळा, रागू म्हणजे मांसाचा सॉस, चिंग्याले म्हणजे रानडुक्कर. मी तिथे चार वेळा गेलोय, चारही वेळा आल्योनेच खाल्लंय. दुसरं काही मागवायची इच्छाच होत नाही.

तिखटमीठ | 4:36
+1 आल्योने. किंवा रिबोल्लिता, म्हणजे शिळा पाव, पांढरा घेवडा आणि काळी केल घालून दुसऱ्यांदा उकळलेलं सूप. शिळ्या पावाचं इतकं कौतुक करणारा दुसरा मुलूख नाही.

पेट्रोलपंप | 4:40
महत्त्वाचं! गाडी गावात नेऊ नका. झेड-टी-एलचे (बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाचे) कॅमेरे आहेत. मला दंडाचा कागद भारतात घरी आला, सहलीनंतर कितीतरी महिन्यांनी. गाडी सान्ता कातेरिना पार्किंगला लावा, तिथून सरकते जिने आहेत.

निवृत्त_ओव्हरसियर | 4:42
त्या बसने जाणार आहेत.

पेट्रोलपंप | 4:43
पुढे कोणाला उपयोग होईल म्हणून सांगितलं.

घाईतली_घारी | 4:55
मोरूभाऊ, लसूण चालणार नाही. काल आषाढी झाली, सासूबाईंचा चातुर्मास सुरू झाला. कांदा-लसूण बंद. बाहेरचं खाणं चालतं, तेवढी सूट त्यांनी स्वतःला दिलीय.

म्युनिकचा_मोरू | 4:57
अहो हे आधी सांगायचं ना!! आल्योनेचा अर्थच "मोठा लसूण" होतो.

अर्धा_कप | 5:02
चातुर्मासात समुद्रोल्लंघन चालतं, लसूण चालत नाही. मजा आहे.

घाईतली_घारी | 5:04
तिकिटं जानेवारीत काढली होती. तुमच्या मजेसाठी धागा काढलेला नाही. जागा माहीत असेल तर सांगा.

हिरवळ | 5:10
कोणीच ओर्तो दे पेच्ची सांगितलं नाही? काम्पोच्या मागे पियाझ्झा देल मेर्कातो, तिथून खाली उतरलं की तटबंदीच्या आत अख्खी हिरवी दरी आहे. भाज्यांचे वाफे, गाढवं, मोर, झाडाखाली साधं रेस्तराँ, सहकारी संस्था चालवते. मुलगा हुंदडेल. गर्दीचं नाव नाही.

निवृत्त_ओव्हरसियर | 5:14
उतरायचं म्हणजे जेवून चढायचंही. सासऱ्यांचे गुडघे कसे आहेत?

घाईतली_घारी | 5:20
काका, तुम्ही खरंच अंतर्ज्ञानी निघालात. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन डिसेंबरमध्ये झालंय. चालतात, पण चढ नको.

हिरवळ | 5:22
हळूहळू चढता येतं. माझी आई 74 वर्षांची आहे, चढली.

निवृत्त_ओव्हरसियर | 5:25
आपली आई म्हणजे प्रमाण नव्हे. सिएना तीन टेकड्यांवर वसलंय, सपाट म्हणावी अशी गल्ली सापडणं कठीण. रेल्वे स्टेशन तर पार खाली दरीत, तिथून सरकत्या जिन्यांची रांगच वर जाते. बस घेताय ते उत्तम. 131 नंबरची जलद बस सव्वा तासाच्या आसपास घेते आणि थेट वर पियाझ्झा ग्राम्शीपाशी सोडते.

तिखटमीठ | 5:31
माहीत नसलेल्यांसाठी: तो तोरे देल मांजा एका खादाडाच्या नावाने आहे. पहिला घंटा वाजवणारा सगळी कमाई खाण्यापिण्यात उडवायचा, म्हणून लोक त्याला "मांजाग्वादान्यी", म्हणजे कमाई खाणारा, म्हणायचे. 80 मीटरपेक्षा उंच मनोरा आणि नाव असं. जेवणाच्या धाग्यात हे यायलाच हवं होतं.

सिएनाची_सखू | 6:48
थांबा थांबा. ताई, उद्या म्हणजे 1 जुलै ना? तुम्हाला कोणी सांगितलं नाही का, परवा पालिओ आहे?

मी तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात भाषा शिकायला वर्षभर होते, म्हणून पोटतिडकीने लिहितेय. वर्षातून दोनदा, 2 जुलै आणि 16 ऑगस्टला, काम्पोभोवती घोड्यांची शर्यत होते. गावात 17 कोन्त्रादा आहेत. कोन्त्रादा म्हणजे आपल्या पेठाच समजा, फक्त भांडण खरंखुरं. त्यातल्या 10 धावतात. खोगीर नसलेले घोडे, चौकाला तीन फेऱ्या, दीड मिनिटाच्या आत खेळ खलास. पण गाव त्याआधी चार दिवस दुसरं काही करत नाही. चौकाच्या कडेने मातीचा थर घालतात, तूफो म्हणतात त्याला. आणि हॉटेलांच्या दारातच प्रेक्षकांसाठी लाकडी बाकांचे मांडव उभे राहतात. त्यामुळे चिंचगूळ म्हणतात ती टेबलं उद्या विसरा.

उद्या सकाळी नऊला एक सराव शर्यत, संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला दुसरी. त्यावेळी चौक तुडुंब असतो. मधल्या वेळात मात्र त्या मातीवरून चालताही येतं. रात्री प्रत्येक धावणारी कोन्त्रादा गल्लीत लांबच लांब टेबलं मांडून शेकडो माणसांना जेवू घालते. तिकिटं कोन्त्रादेतूनच मिळतात, तुम्हाला नाही मिळणार. पण मांडामांड दुपारीच सुरू होते, ती बघायला मिळेल.

जेवणाचं: दुपारचं स्वयंपाकघर साधारण साडेबाराला सुरू आणि अडीचला बंद. दोनला पोचून चालणार नाही. आत्ता सात वाजत आले, म्हणजे रात्रीचं जेवण सुरू होतंय, फोन उचलतील. काम्पोपासून एक-दोन गल्ल्या सोडून जी ओस्तेरिया (साधी खाणावळ) दिसेल तिला फोन करा, 12:15 किंवा 12:30 चं टेबल मागा. आणि "पिची काचो ए पेपे" मागवा. पेकोरिनो चीज, मिरी, संपलं. कांदा नाही, लसूण नाही. तरी म्हणा: सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला. रिबोल्लिता नको, त्यात कांदा असतोच.

फोन नाहीच लागला तर व्हिया पियानिजानीवर कोन्सोर्झ्यो आग्रारिओचं दुकान आहे, तिथे तुकड्यावर पिझ्झा मिळतो. बस थांब्यापासून जवळ, पण बसायची सोय नावालाच, सासऱ्यांसाठी अडचण. चाच्चीनो (तिथला चपटा पाव) घेतलात तर "स्त्रुत्तो" आहे का विचारा, म्हणजे डुकराची चरबी.

शुद्धाहारी | 7:05
पेकोरिनो शाकाहारी नाही. बहुतेक पेकोरिनोत वासराच्या किंवा कोकराच्या जठरातलं रेनेट (दूध विरजणारं द्रव्य) असतं. पार्मिजानोत तर नियमानेच असतं. लसणावर इतकी चर्चा आणि यावर कोणी बोलत नाही.

म्युनिकचा_मोरू | 7:09
झालं. आता त्यांनी गवत खायचं का?

शुद्धाहारी | 7:12
माहिती देणं गुन्हा आहे का? काही पेकोरिनो काट्याच्या फुलांच्या अर्काने विरजतात. "काल्यो वेजेताले" असं विचारायचं. मिळालं तर चांगलंच.

घाईतली_घारी | 7:15
धन्यवाद. आठवडाभर सासूबाई आनंदाने चीज खातायत. हा धागा त्यांना कोणी पाठवू नये.

पेट्रोलपंप | 7:20
म्हणजे बैलगाडा शर्यतीवर ओरडणारे लोक पैसे खर्चून घोड्यांची शर्यत बघायला जातात.

अर्धा_कप | 7:22
वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

घाईतली_घारी | 7:50
सखू, तुला कुठे ठेवू! पालिओचं खरंच माहीत नव्हतं. फ्लोरेन्सच्या हॉटेलातला मुलगा "ब्युटिफुल डे, ब्युटिफुल डे" करत होता, तो हेच सांगत असणार. एका ठिकाणी नाही म्हणाले, दुसरीकडे 12:15 चं टेबल मिळालं, पण "दोनच्या आत उठा" अशी ताकीद दिली.

घाईतली_घारी | 1 जुलै, रात्री 10:35
परत आलो. पाय गेलेत, तरी लिहिते.

ओस्तेरिया काम्पोशेजारच्या उतरत्या गल्लीत होती. सगळीकडे निळे-पांढरे झेंडे, डॉल्फिनचं चित्र. आम्ही धरून सहा टेबलं. मी कागदावर लिहून नेलेलं सेन्झा-सेन्झा वाचून दाखवलं, बाई हसल्या आणि माझा उच्चार दुरुस्त केला. काचो ए पेपे आलं. सासूबाईंनी एक दोरा काट्याने उचलला, बोटांनी दाबून बघितला आणि म्हणाल्या, "हे तर बोटवे. आमच्याकडे रुखवतात असायचे, खिरीसाठी." मग दोनदा मिरी जास्त झाल्याचं सांगत ताट पुसून खाल्लं. मुलाने आणि मी आल्योने खाल्लं (मोरूभाऊ, शब्द मागे घेण्यासारखं काही नाही, अफाट आहे). पावाला मीठ नव्हतं, सासऱ्यांना वाटलं विसरले. तोस्कानात पाव अळणीच असतो म्हणे. पाच जणांचे कोपेर्तोसकट 84 युरो.

बाहेर आलो तर गल्ली बदलली होती. मघाशी मोकळी होती, आता घोड्यांवर फळ्या टाकून टेबलं मांडत होते, म्हणजे लाकडी घोड्यांवर. एक मुलगा पांढऱ्या कागदाचा रोल घेऊन उतारावरून पळत होता, मागून दोन बायका तो चिकटपट्टीने बसवत होत्या. उतारामुळे खालच्या बाजूला टेबलाच्या पायांखाली विटांचे तुकडे. सासरे तिथेच एका खुर्चीवर टेकले, कोणी उठवलं नाही. उलट एका आजोबांनी पाण्याचा ग्लास आणून दिला.

काम्पोत सासऱ्यांनी वाकून माती चिमटीत घेतली. कोल्हापूरचे आहेत. म्हणाले, रंग पिवळट आहे, पण आखाड्यासारखी दाबलीय. संध्याकाळच्या सरावाला थांबलो नाही, सहाची बस धरली.

बकुळफूल | 10:50
ओस्तेरियाचं नाव?

घाईतली_घारी | 10:52
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. सहाच टेबलं आहेत.

चिंचगूळ | 10:58
काम्पोत कॉफी तरी घ्यायची होती.

तिखटमीठ | 11:04
पानफोर्ते आणलं का? बदाम, मध, मसाले, साखरेतली फळं. अंडं नसतं, सासूबाईंना चालेल. रिचारेल्ली नको, त्यात पांढरा बलक असतो.

घाईतली_घारी | 11:06
दोन आणलेत. भारतात पोचेपर्यंत टिकेल का? अजून नऊ दिवस आहेत.

सिएनाची_सखू | 11:09
नऊ दिवस काय, दिवाळीपर्यंत टिकेल. फक्त फ्रिजमध्ये ठेवू नका, दगड होतो.